पहिल्या क्रमांकावर नेमकं काय होतं?

४ ऑगस्ट १९५८ या तारखेच्या अंकात ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी साप्ताहिकानं ‘हॉट १००’ नावाची यादी पहिल्यांदा छापली. अग्रस्थानी होती अठरा वर्षांच्या रिकी नेल्सनची ‘पुअर लिटल फूल’ ही रेकॉर्ड. त्या दिवसापासून आजतागायतचे पहिले क्रमांक एकाखाली एक लिहून काढता येतात, आणि त्याआधीच्या याद्याही त्याच रांगेत मागं जोडल्या जातात. ‘रॉक अराउंड द क्लॉक’ जुलै १९५५ मध्ये पहिल्या क्रमांकावर आलं, तिथून ‘रॉक युग’ सुरू झालं अशी सीमारेषा आखण्याची पद्धत आहे. जोएल व्हिटबर्न या संग्राहकानं १९७० पासून प्रसिद्ध केलेल्या संदर्भग्रंथांमुळे ही रांग इतकी पक्की झाली, की १९५५ चा पहिला क्रमांक आणि १९५९ चा पहिला क्रमांक ही एकाच जातीची गोष्ट आहे असं आपण गृहीत धरतो. माझं म्हणणं असं, की ती एकाच जातीची गोष्ट नाही. या चार-पाच वर्षांत क्रमवारीत काय मोजायचं हेच बदललं. आधी गाणं मोजलं जात होतं. नंतर रेकॉर्ड मोजली जाऊ लागली. एल्विस प्रेस्ली आला, तरुणांच्या हातात पैसा आला, नवा ठेका आला, हे सगळं खरंच आहे. पण त्या काळच्या याद्या नीट वाचल्या तर त्यांच्या तळाशी हा मोजमापाचा बदल दिसतो, आणि बाकीच्या अनेक गोष्टींचा उलगडा त्यातून होतो.

मराठी वाचकाला हा फरक चटकन जाणवणं अवघड आहे, कारण आपलं लोकप्रिय संगीत चित्रपटातून आलं. चित्रपटातलं गाणं पडद्यावर येतानाच एका आवाजात, एका वाद्यमेळात कायमचं ठरून येतं. १९५२ च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर अमीन सयानींच्या आवाजात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, तेव्हा ‘हे गाणं कोणत्या गायकाचं मोजायचं?’ असा प्रश्न सहसा उद्भवायचाच नाही. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाणं ही प्रकाशकाची मालमत्ता होती. न्यूयॉर्कमधले प्रकाशक स्वरलिपीचे छापील कागद विकायचे, घरोघरी पियानोवर ते वाजवले जायचे, आणि तेच गाणं पाच-सहा वाद्यवृंद व गायक आपापल्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रित करायचे. कायद्याचीही त्याला साथ होती. १९०९ च्या कॉपीराइट कायद्यानुसार एकदा कोणी गाणं ध्वनिमुद्रित केलं, की दर प्रतीमागे दोन सेंट प्रकाशकाला देऊन दुसरा कोणीही ते ध्वनिमुद्रित करू शकत असे. गाण्याला संरक्षण होतं. त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाला संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण नव्हतं. एखादी कंपनी गाणं गाजवायची आणि बाकीच्या आठवड्याभरात आपापली आवृत्ती बाजारात उतरवायच्या. यात कोणाला काही वावगं वाटत नसे, कारण गाणं सगळ्यांचंच होतं.

त्या काळच्या क्रमवाऱ्या या व्यवहाराला साजेशाच होत्या. ‘युअर हिट परेड’ हा कार्यक्रम १९३५ पासून रेडिओवर आणि १९५० पासून दूरचित्रवाणीवर होता. आठवड्यातली सर्वांत लोकप्रिय गाणी त्यात सादर होत, पण ती गायचे ते कार्यक्रमाचे स्वतःचे पगारी गायक: स्नूकी लॅन्सन, डोरोथी कॉलिन्स, जिझेल मॅकेन्झी. मूळ रेकॉर्ड कोणाची हा प्रश्न गौण होता, आणि क्रमवारी कशी काढली जाते हे तर गुपितच ठेवलेलं होतं. ‘बिलबोर्ड’मध्ये ‘ऑनर रोल ऑफ हिट्स’ नावाचं सदर होतं. त्यात गाण्याच्या सगळ्या आवृत्त्यांची लोकप्रियता एकत्र करून गाण्याला क्रमांक दिला जायचा. ज्यूकबॉक्सच्या, म्हणजे नाणं टाकून रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्रांच्या, व्यवसायासाठी १९४२ मध्ये निघालेलं ‘कॅश बॉक्स’ साप्ताहिकही अनेक वर्षं एका गाण्याच्या सगळ्या आवृत्त्या एकाच क्रमांकावर दाखवत असे. याच्याच शेजारी ‘बिलबोर्ड’ १९४० पासून दुकानांत खपणाऱ्या रेकॉर्डींची वेगळी यादी छापत होतं, आणि पुढं डिस्क जॉकींनी, म्हणजे रेडिओवर रेकॉर्डी वाजवणाऱ्या निवेदकांनी, वाजवलेल्या व ज्यूकबॉक्समध्ये वाजलेल्या रेकॉर्डींच्याही याद्या आल्या. म्हणजे १९५५ साली ‘पहिल्या क्रमांकावर काय आहे?’ या प्रश्नाची एकाच अंकात तीन-चार उत्तरं मिळत आणि ती जुळायलाच हवीत अशी कोणाची अपेक्षाही नसे.

१९५५ च्या याद्या उघडल्या की हे जुनं जग अजून धडधाकट दिसतं. ‘डेव्ही क्रॉकेट’चं गीत बिल हेझच्या आवाजात पाच आठवडे अग्रस्थानी होतं, आणि त्याच सुमारास फेस पार्कर व टेनेसी अर्नी फोर्ड यांच्या त्याच गीताच्या रेकॉर्डीही पहिल्या दहांत होत्या. ‘अनचेन्ड मेलडी’ लेस बॅक्स्टरच्या वाद्यवृंदानं पहिल्या क्रमांकावर नेलं. अल हिब्लर तिसऱ्यावर, रॉय हॅमिल्टन सहाव्यावर. या सगळ्यांचा श्रोता एकच होता आणि त्याला ते गाणं हवं होतं. दुकानात हाताला जी रेकॉर्ड लागेल ती तो घेत असे.

या बदलाचा सर्वांत स्वच्छ पुरावा माझ्या मते एकाच चालीच्या दोन जन्मांत आहे. कुर्ट वाइल आणि बेर्टोल्ट ब्रेख्त यांच्या १९२८ च्या ‘थ्री पेनी ऑपेरा’तलं मॅक द नाइफचं गीत. त्या नाटकाचा इंग्रजी अवतार १९५४ पासून न्यूयॉर्कमध्ये गाजला आणि १९५६ च्या सुरुवातीला ही चाल अमेरिकेच्या क्रमवारीत शिरली. डिक हायमनच्या त्रिकुटाची रेकॉर्ड पहिल्या दहांत पोचली. लुई आर्मस्ट्राँगची पहिल्या विसांत. शिवाय रिचर्ड हेमन आणि जॅन ऑगस्ट, लॉरेन्स वेल्क, बिली व्हॉन, सगळ्यांच्या आवृत्त्या एकाच वेळी यादीत. चाल सर्वत्र होती, पण ती कोणा एकाची नव्हती. साडेतीन वर्षांनी बॉबी डॅरिननं तीच चाल गायली. १९५९ च्या शरद ऋतूत त्याची रेकॉर्ड नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली आणि तिच्या आसपास त्या गाण्याची दुसरी कोणतीही आवृत्ती तग धरू शकली नाही. तोच देश, तीच चाल, दरम्यान उणीपुरी चार वर्षं. १९५६ मध्ये लोक ‘ते गाणं’ मागत होते. १९५९ मध्ये ‘डॅरिनचं ते’ मागत होते.

यावर पहिला आक्षेप हमखास येईल: हा तर रॉक अँड रोलचा परिणाम, त्यात क्रमवारीचं विशेष काय? रॉक अँड रोलमध्ये आवाज, ठेका, प्रतिध्वनी हेच गाण्याचं सार असतं. म्हणून प्रेस्लीची नक्कल ‘युअर हिट परेड’च्या स्नूकी लॅन्सनला जमली नाही आणि तो कार्यक्रम २४ एप्रिल १९५९ रोजी बंद पडला. आक्षेपात तथ्य आहे. १९५६ मध्ये ‘हाउंड डॉग’ आणि ‘डोन्ट बी क्रूअल’ या दोन बाजूंची एल्विसची रेकॉर्ड अकरा आठवडे अग्रस्थानी होती. ‘हाउंड डॉग’ बिग मामा थॉर्नटननं १९५३ मध्येच गाजवलं होतं, पण प्रेस्लीच्या श्रोत्याला ते गाणं नको होतं, तो आवाज हवा होता. मात्र हा आक्षेप पुरता टिकत नाही, कारण ज्या रेकॉर्डींचा रॉक अँड रोलशी काडीचा संबंध नव्हता त्यांच्या बाबतीतही हेच घडलं. १९५८ च्या ऑगस्टमध्ये दोमेनिको मोदुन्यो या इटालियन गायकाची ‘व्होलारे’ ही रेकॉर्ड ‘हॉट १००’च्या शिखरावर पोचली आणि एकूण पाच आठवडे तिथं राहिली. शब्द इटालियन, गायक अमेरिकेत अनोळखी. जुन्या रीतीप्रमाणे डीन मार्टिनसारख्या घरोघरी पोचलेल्या गायकानं लगेच आपली आवृत्ती काढली. ती बाराव्या क्रमांकापर्यंतच गेली. चार-पाच वर्षांपूर्वी हे चित्र बरोबर उलटं दिसलं असतं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात किंग्स्टन ट्रिओचं लोकगीत ‘टॉम डूली’ वर आलं, आणि नाताळात ‘चिपमंक साँग’, ज्यातले खारींचे आवाज टेपची गती बदलून तयार केले होते. ते कुठल्याही पगारी गायकाला रंगमंचावर गाता येण्यासारखं नव्हतंच. ते रेकॉर्ड म्हणूनच जन्मलं होतं.

मग हे घडलं कशामुळे? मुख्य कारण रेडिओ. १९५० मध्ये अमेरिकेतल्या दहा घरांपैकी जेमतेम एका घरात दूरचित्रवाणी संच होता. दशक संपता संपता दहापैकी आठांहून अधिक घरांत तो आला. नाटकं, विनोदी कार्यक्रम, मोठे वाद्यवृंद सगळे पडद्याकडे गेले आणि स्थानिक रेडिओ केंद्रांकडे भरायला तास उरले, पैसा उरला नाही. रेकॉर्ड वाजवणं हा स्वस्त उपाय होता. ओमाहा शहरात टॉड स्टॉर्झनं आणि डलासमध्ये गॉर्डन मॅक्लेंडननं तो पद्धतशीर केला: थोड्याच रेकॉर्डी, पुन्हा पुन्हा, त्यांच्या खपाप्रमाणे. ‘टॉप ४०’ म्हणतात ते हेच. एकच ध्वनिमुद्रण दिवसातून अनेकदा ऐकलेल्या श्रोत्याला त्यातला श्वास, गिटारचा खटका, मागचा कोरसही पाठ होतो. मग दुसऱ्या कोणी तेच शब्द तीच चाल घेऊन गायले तर ते त्याला खोटं वाटतं. आरसीए कंपनीनं १९४९ मध्ये आणलेली मिनिटाला ४५ फेऱ्यांची हलकी, स्वस्त तबकडी आणि १९५४ च्या अखेरीस आलेला खिशात मावणारा ट्रान्झिस्टर यांनी हे ऐकणं घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पियानोपासून तोडून मुलांच्या खोलीत नेलं. स्वरलिपीचा कागद विकत घेणाऱ्याला गाणं स्वतः गायचं असतं, तबकडी घेणाऱ्याला ते ऐकायचं असतं, आणि ऐकणाऱ्याला मूळच हवं असतं.

या कार्यकारणाला भौगोलिक पडताळाही आहे. ब्रिटनमध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’नं नोव्हेंबर १९५२ पासून रेकॉर्डींची क्रमवारी छापायला सुरुवात केली होती, म्हणजे याद्या तिथंही होत्या. पण बीबीसीनं किती वेळ रेकॉर्डी वाजवायच्या यावर करारानं मर्यादा होती, कारण वादकांच्या संघटनेला प्रत्यक्ष वादनाचं काम टिकवायचं होतं, आणि देशात व्यापारी रेडिओ केंद्रं नव्हती. परिणाम असा, की जानेवारी १९५७ मध्ये ‘सिंगिंग द ब्लूज’ हे गाणं अमेरिकी गाय मिचेल आणि लंडनचा टॉमी स्टील या दोघांच्या आवाजात अग्रस्थानाची अदलाबदल करत राहिलं. जिथं रेडिओवर रेकॉर्ड कमी वाजत होती तिथं गाणं जास्त काळ सगळ्यांचं राहिलं.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे. या याद्या विकत घेतलेल्या होत्या. त्यांवरून लोकांच्या आवडीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. १९५९-६० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढं डिस्क जॉकींना मिळणाऱ्या लाचेची चौकशी झाली. ॲलन फ्रीड या नामवंत डिस्क जॉकीची रेडिओवरची नोकरी गेली. दूरचित्रवाणीवरचा निवेदक डिक क्लार्क याला रेकॉर्ड कंपन्या व प्रकाशन संस्थांमधले आपले हितसंबंध सोडावे लागले. १९६० मध्ये कायदा दुरुस्त करून अशा लाचेला दहा हजार डॉलरपर्यंत दंडाची तरतूद झाली. दुकानांकडून येणारी माहितीही प्रत्यक्ष विक्रीच्या आकड्यांची नसे. काय चांगलं खपतंय ते दुकानदार क्रमानं सांगायचा आणि साप्ताहिक त्याला गुण द्यायचं. दुकानदाराला फुकट रेकॉर्डी देऊन हा क्रम वळवता येत असे. पुढं १९९१ मध्ये ‘बिलबोर्ड’नं दुकानातल्या संगणकीय नोंदींवरून मोजायला सुरुवात केली, तेव्हा अल्बमच्या यादीत कंट्री आणि रॅप संगीत एकाएकी वर आलं. ते आधीही खपत होतं. सांगणारे सांगत नव्हते. तेव्हा १९५८ च्या यादीतला एकोणिसावा आणि तेविसावा क्रमांक यांतला फरक गंभीरपणे घेऊ नये, हे मला मान्य आहे. पण माझा मुद्दा कोण कितव्या क्रमांकावर होतं हा नाहीच. यादीत कोणत्या वस्तूला क्रमांक मिळत होता हा आहे. आणि त्या मुद्द्याला लाचेची हकीकत धक्का देत नाही, उलट आधार देते. लाच पूर्वीही होती. प्रकाशकांची माणसं वाद्यवृंदप्रमुखांना आणि गायकांना पैसे देऊन आपली गाणी गाऊन घेत. पन्नाशीच्या दशकात पैशाची दिशा बदलली: रेकॉर्ड कंपनीचा माणूस डिस्क जॉकीला पैसे देऊ लागला, आणि ते ही विशिष्ट तबकडी फिरवण्यासाठी. चक बेरीच्या ‘मेबलीन’वर (१९५५) गीतकार म्हणून ॲलन फ्रीडचंही नाव लागलं, म्हणजे मोबदला गाण्याच्या हक्कातून दिला गेला, पण त्याबदल्यात अपेक्षा होती ती बेरीचीच रेकॉर्ड वाजवण्याची. लाच देणारा आपला पैसा कशावर लावतो, यावरून बाजारात मोल कशाला आलं ते कळतं.

क्रमवारीनं फक्त बदल टिपला की तो घडवलाही? सुरुवात तिनं केली नाही, हे उघड आहे. रेडिओ आणि तबकडी आधी आली. पण १९५७ च्या जूनमध्ये ‘बिलबोर्ड’नं ज्यूकबॉक्सची यादी बंद केली, १९५८ च्या जुलैत डिस्क जॉकींची, आणि ऑक्टोबरात दुकानांतल्या विक्रीची. उरली एकच ‘हॉट १००’, जिच्यात विक्री आणि रेडिओ दोन्ही मिसळलेले आणि प्रत्येक रेकॉर्डीच्या प्रत्येक बाजूला स्वतंत्र जागा. गाण्यांचं ‘ऑनर रोल’ काही वर्षं रेंगाळून साठीच्या दशकाच्या पूर्वार्धात थांबलं. रेडिओ केंद्रं यादी पाहून रेकॉर्डी निवडायची, रेडिओवर वाजलेलं खपायचं, खपलेलं यादीत चढायचं. या चक्रात शिरण्याचं परिमाण एकदा रेकॉर्ड हे ठरल्यावर पाच आवृत्त्यांत विभागलेल्या गाण्याला वर चढणं अवघड झालं. पाचजणांत मतं वाटली गेलेलं गाणं हरतं, एकवटलेली रेकॉर्ड जिंकते. रेकॉर्ड कंपन्यांनी हे फार लवकर ओळखलं. त्यांच्या संघटनेनं मार्च १९५८ मध्ये पेरी कोमोच्या ‘कॅच अ फॉलिंग स्टार’ला अधिकृत तपासणीनंतरची पहिली ‘गोल्ड रेकॉर्ड’ दिली, आणि मे १९५९ मधल्या पहिल्या ग्रॅमी समारंभात वर्षातलं सर्वोत्तम गाणं आणि वर्षातली सर्वोत्तम रेकॉर्ड असे दोन निरनिराळे सन्मान होते. दोन्ही त्या वर्षी ‘व्होलारे’लाच मिळाले. योगायोग असा, की त्याच १९५९ साली फिल्मफेअरनं पार्श्वगायनासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला आणि ‘मधुमती’तल्या ‘आजा रे परदेसी’साठी तो लता मंगेशकरांना मिळाला. तोवर गाण्याचा सन्मान संगीतकाराच्या खात्यात जमा व्हायचा. आवाजाचाही त्यात वाटा आहे हे लताबाईंना आग्रहानं मांडावं लागलं होतं. परिस्थिती वेगळी, उद्योग वेगळा, पण मूळ प्रश्न जवळचा होता.

या बदलानं कोणाचं भलं झालं, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ‘गाणं सगळ्यांचं’ या उदार वाटणाऱ्या व्यवस्थेची किंमत काही ठराविक लोक मोजत होते. १९५५ मध्ये फॅट्स डॉमिनोचं ‘एन्ट दॅट अ शेम’ कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या रिदम अँड ब्लूज यादीत अकरा आठवडे अग्रस्थानी होतं. पॉप यादीत ते दहाव्या क्रमांकावर थांबलं आणि पॅट बून या गोऱ्या गायकाची आवृत्ती पहिल्या क्रमांकावर गेली. ‘टुटी फ्रुटी’ची मूळ रेकॉर्ड लिटल रिचर्डची, सतरावा क्रमांक, बूनची बारावा. मग लवकरच काटा फिरला. ‘लाँग टॉल सॅली’ लिटल रिचर्डच्या आवाजात सहावं, बूनच्या आवाजात आठवं. हे सगळं वर्षभराच्या आतलं आहे. श्रोत्यांच्या मनातला वर्णभेद वर्षभरात नाहीसा झाला असं कोणी म्हणणार नाही. मूळ रेकॉर्ड रेडिओवर ऐकू आली, एवढंच झालं, आणि तेवढं पुरलं. १९५८ मध्ये एव्हर्ली बंधूंचं ‘ऑल आय हॅव टु डू इज ड्रीम’ पॉप, कंट्री आणि रिदम अँड ब्लूज या तिन्ही याद्यांत पहिलं आलं; वेगळ्या श्रोत्यांसाठी वेगळ्या आवृत्त्या काढण्याची गरजच उरली नव्हती.

याला उत्तर म्हणून १९५९ कडे बोट दाखवता येईल. त्या वर्षीच्या याद्यांत फिलाडेल्फियाची देखणी मुलं आहेत, फ्रँकी ॲव्हलॉन, फेबियन; दूरचित्रवाणीसाठी घडवलेली, आवाजापेक्षा चेहऱ्यावर उभी. रेकॉर्डीचा विजय हा अस्सलपणाचा विजय होता असं मी म्हणत नाही. रेकॉर्ड ही कारखान्यात बनणारी वस्तू, आणि एकदा तिलाच मोल आलं की तिच्यावर हवा तो मुखवटा चढवता येतो. शिवाय काही हरपलंही: एकाच चालीला आर्मस्ट्राँग काय करतो आणि हायमन काय करतो हे एकाच आठवड्यात शेजारी ठेवून ऐकण्याची सोय गेली. ती उणीव खरी आहे. पण तिच्यासाठी जुनी व्यवस्था परत हवी असं म्हणणाऱ्यानं लाव्हर्न बेकर या कृष्णवर्णीय गायिकेची हकीकत आधी विचारात घ्यावी.

बेकरचं ‘ट्वीडल डी’ १९५५ च्या आरंभी पॉप यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेलं. जॉर्जिया गिब्स या गोऱ्या गायिकेनं जवळपास तोच वाद्यमेळ, तीच मांडणी उचलून केलेली आवृत्ती दुसऱ्या क्रमांकावर पोचली. गाणं गिब्सनं घेतलं याबद्दल बेकरची तक्रार नव्हती. आपण घडवलेली मांडणी जशीच्या तशी घेतली, याबद्दल होती. तिनं मिशिगनचे काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज यांना लिहून १९०९ चा कायदा बदलण्याची मागणी केली. कायदा हलला नाही. ध्वनिमुद्रणाला संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण १५ फेब्रुवारी १९७२ पासून मिळालं, तेही त्यानंतरच्या ध्वनिमुद्रणांना; पन्नाशीच्या दशकातल्या रेकॉर्डी त्या कक्षेत यायला २०१८ साल उजाडलं, आणि हुबेहूब नक्कल करून नवं ध्वनिमुद्रण करण्याला तर आजही त्या कायद्याची आडकाठी नाही. म्हणजे बेकरनं मागितलं ते कायद्यानं तिला कधीच दिलं नाही. मात्र १९५९ च्या सुरुवातीला तिचं ‘आय क्राइड अ टिअर’ हॉट १०० मध्ये सहाव्या क्रमांकावर गेलं, आणि या वेळी तिच्या पुढं जाणारी दुसऱ्या कोणाची आवृत्ती यादीत नव्हती.